परतीचं तिकीट: खेळाडू, मिशन ट्रिप आणि चार जुने कॉम्प्युटर

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ऑनसाइटचे किस्से कधी सांगणार. आज तसाच एक किस्सा आहे, पण तो ऑनसाइटवर सुरू होऊन शंभरेक वर्षं मागे जातो आणि शेवटी अकोले तालुक्यातल्या एका झेडपीच्या शाळेत येऊन थांबतो. गाडीत असाल, लोकलमध्ये असाल तर निवांत ऐका. वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर आहेच.

तर झालं असं. मी सहा महिने इंडियानापोलिसला होतो. टीममध्ये एक सीनियर आर्किटेक्ट होता, पन्नाशीचा, अगदी सज्जन माणूस. एक दिवस त्याने मला एक छापील पत्र दिलं. त्याची मुलगी कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होती आणि अख्खी टीम उन्हाळ्यात दहा दिवस ग्वाटेमालाला मिशन ट्रिपला निघाली होती. म्हणजे तिथे जाऊन मॅचेस खेळायच्या, लहान मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचा, चर्चच्या कामात हात लावायचा आणि आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं. प्रत्येक खेळाडूने आपला खर्च ओळखीपाळखीच्या लोकांकडून गोळा करायचा, त्यासाठी हे पत्र. तिकडे याला सपोर्ट लेटर म्हणतात.

माझी पहिली रिॲक्शन काय असेल? खरं सांगतो, मी मनात म्हटलं, ‘दहा दिवसांत काय दिवे लावणार?’ दुसरी गोष्ट, धर्मप्रचार हा शब्द ऐकला की आपल्या घरात जसे कान टवकारतात तसे माझेही टवकारले. पण नाही म्हणायला जीभ रेटेना. मी वीस डॉलर दिले आणि घरी येऊन सर्च करत बसलो, की खेळाडूंनी परदेशात मिशनवर जायचं हे खूळ आलं कुठून. झोपायला तीन वाजले. कारण त्या सर्चमध्ये मला क्रिकेट सापडलं.

२९ ऑगस्ट १८८२. लंडनचं ओव्हल मैदान. इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ रन हवे होते आणि सगळी टीम ७७ वर आउट. सात रननी हरले. हीच ती मॅच, जिच्यानंतर एका पेपरात इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापून आली आणि ‘ॲशेस’ हा शब्द जन्माला आला. शेवटची विकेट पडली तेव्हा समोरच्या एंडला एक २१ वर्षांचा पोरगा शून्यावर नॉट आउट उभा होता. त्याला एकही बॉल खेळायला मिळाला नव्हता. त्याचं नाव सी. टी. स्टड. याच पोराने त्याच सीझनला त्याच ऑस्ट्रेलियन बोलर्सविरुद्ध दोन सेंच्युऱ्या मारल्या होत्या, आणि त्याला दहाव्या नंबरला पाठवलं होतं! आज असं झालं असतं तर आपण कॅप्टनवर किती मीम केले असते, विचार करा.

स्टड केंब्रिज युनिव्हर्सिटीचा खेळाडू. ते तिघे भाऊ, जॉर्ज, सी. टी. आणि केनॅस्टन, ओळीने तीन वर्षं केंब्रिजचे कॅप्टन झाले. १८८२, १८८३, १८८४. पुढे १८८३ च्या सुमारास जॉर्ज इतका आजारी पडला, की वाचतो की नाही अशी वेळ आली. त्याच्या उशाशी बसलेल्या सी. टी.च्या डोक्यात आलं, की या क्षणी याला सेंच्युऱ्यांचा आणि टाळ्यांचा काय उपयोग आहे? जॉर्ज बरा झाला. पण सी. टी.चं क्रिकेटमधून मन उडालं ते उडालंच. त्याने ठरवलं, चीनमध्ये मिशनरी म्हणून जायचं.

आणि तो एकटा नव्हता. स्टॅनली स्मिथ, केंब्रिजच्या बोटीचा स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या लयीवर बाकीचे वल्हवतात तो खेळाडू. मॉन्टॅग्यू बीचम, हाही वल्हवणारा, सरदार घराण्यातला. विल्यम कॅसल्स, धर्मगुरू झालेला. डिक्सन होस्ट, तोफखान्यातला अधिकारी. हा केंब्रिजचा नव्हता. आणि सेसिल व आर्थर पोलहिल-टर्नर हे दोघे भाऊ. पण लोकांनी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं, केंब्रिज सेव्हन. निघण्याआधी हे युनिव्हर्सिट्यांमधून बोलत फिरले तेव्हा हॉल भरून जायचे. साहजिक आहे. उद्या टीम इंडियाचा एखादा ओपनर करिअरच्या भरात सगळं सोडून निघाला, तर तो काय म्हणतोय हे ऐकायला कोण जाणार नाही? ५ फेब्रुवारी १८८५ ला ते लंडनहून निघाले आणि मार्चमध्ये शांघायला उतरले.

ज्या संस्थेतर्फे गेले ती चायना इनलँड मिशन. तिचे नियम भारी होते. ठरलेला पगार नाही. पैशासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही. चिनी भाषा शिकायची, चिनी कपडे घालायचे, पुरुषांनी तिथल्या पद्धतीची वेणीसुद्धा ठेवायची. आणि मुख्य म्हणजे दहा दिवसांनी परत यायचा प्रश्नच नाही.

मग ही गोष्ट अमेरिकेत कशी पोचली? इथे मी उडालोच. त्या तिघांतला तिसरा भाऊ केनॅस्टन स्टड अमेरिकेतल्या कॉलेजांमधून ही कहाणी सांगत फिरला. त्यानंतर १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर झालं. सुमारे अडीचशे मुलं. त्यातल्या १०० जणांनी लिहून दिलं, की आम्ही परदेशात मिशनरी म्हणून जायला तयार आहोत. त्यांना तयार करण्यात ज्याचा मोठा हात होता तो प्रिन्स्टनचा विद्यार्थी रॉबर्ट वाइल्डर. आणि याचा जन्म कुठला? कोल्हापूरचा! १८६३ चा. त्याचे वडील कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी होते. अमेरिकन कॉलेजांमधल्या एवढ्या मोठ्या चळवळीची एक मुळी आपल्या कोल्हापुरात निघेल असं मला वाटलं नव्हतं.

आता त्यात खेळ कसा मिसळला? बास्केटबॉल १८९१ साली जेम्स नेस्मिथने शोधला, वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये. व्हॉलीबॉल १८९५ साली विल्यम मॉर्गनने, तोही वायएमसीएमध्येच. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संस्था. आपल्याकडे मद्रासला १९२० साली वायएमसीएचंच शारीरिक शिक्षण कॉलेज निघालं. म्हणजे गावच्या जत्रेत रात्री हॅलोजन लावून ज्या शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात ना, त्या खेळाचा आजोबा एका चर्चवाल्या जिममध्ये जन्मला. आपण कधी विचार करतो का? नेट बांधतो आणि खेळतो.

आणि १९५२ साली याच इंडियाना राज्यातल्या टेलर युनिव्हर्सिटीचे कोच डॉन ओडल बास्केटबॉलची टीम घेऊन तैवानला गेले. मॅच खेळायची आणि हाफ टाइममध्ये गाणी, साक्ष, चार शब्द शुभवर्तमानाचे. ‘व्हेंचर फॉर व्हिक्टरी’ असं त्याचं नाव. माझ्या आर्किटेक्टच्या मुलीची ट्रिप याच वळणाची होती. खेळ गर्दी जमवून देतो, पण हाफ टाइममध्ये तुम्ही काय बोलता आणि मॅच संपल्यावर काय करता, हा खरा मुद्दा.

आता म्हणाल, तू यांचा फॅन झालास की काय? थांबा, दुसरी बाजूही ऐका.

हे सात जण चीनच्या आतल्या भागात जाऊ शकले, कारण अफूच्या युद्धांनंतर १८५८ आणि १८६० च्या करारांनी चीनला परदेशी मिशनऱ्यांना आत येऊ द्यावं लागलं. ते करार तोफांच्या जोरावर झाले होते. या पोरांनी वेणी ठेवली, भाषा शिकली, सगळं खरं, पण ज्या दारातून ते आत गेले ते दार दुसऱ्यांनी फोडलेलं होतं. १९०० साली बॉक्सर उठावात परदेशी लोकांवरचा राग उफाळला. एकट्या चायना इनलँड मिशनची ५८ मोठी माणसं आणि २१ मुलं मारली गेली. चिनी ख्रिस्ती लोक तर हजारोंनी मेले. त्यानंतर बाहेरच्या सत्तांनी चीनकडून जबर नुकसानभरपाई घेतली. या मिशनने मात्र भरपाई घ्यायला नकार दिला. मी ते वाचून जरा वेळ लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण माझ्या डोक्यात दोनच कप्पे होते, साधू आणि साम्राज्यवादी. हे लोक दोन्हींत बसेनात.

मग पैशाचं बघा. स्टडचे वडील श्रीमंत कसे झाले? भारतात. बिहारच्या तिरहुत भागातल्या मळ्यांवर. त्या पैशातून इंग्लंडमध्ये मोठी हवेली, रेसचे घोडे, पोरांसाठी क्रिकेटचं मैदान. सी. टी. पंचवीस वर्षांचा झाल्यावर वारसा त्याच्या नावावर आला, सुमारे २९,००० पौंड. त्या काळी ही अफाट रक्कम. आणि त्याने ती वाटून टाकायची ठरवली. चोंगचिंगमधला ब्रिटिश अधिकारी कागदांवर सही करेना, म्हणाला दोन आठवडे विचार कर. दोन आठवड्यांनी हा परत हजर. त्यातले ५,००० पौंड त्याने अमेरिकन प्रचारक मूडी यांना पाठवले, या इच्छेने की तिरहुतमध्येच काही काम सुरू व्हावं, जिथून वडिलांनी पैसा कमावला तिथेच. ते जमलं नाही. तो पैसा शेवटी शिकागोतल्या एका बायबल कॉलेजच्या कामी आला. मला हे फार लागलं. माझ्या वयापेक्षा लहान पोरगा, एवढं सोडतो, कुठून आलं हेही त्याला कळतं, परत करावंसंही वाटतं. तरी तिरहुतच्या मळ्यात राबलेल्या माणसाच्या हाती काहीच पोचत नाही. इच्छा चांगली असणं आणि गोष्ट पोचणं यात केवढं अंतर आहे बघा.

आणि घरचं? स्टडने १८८८ साली चीनमध्येच प्रिसिला स्टुअर्टशी लग्न केलं. चार मुली झाल्या, दोन बाळं गेली. १८९४ ला तब्येतीमुळे परत आले. मग काही वर्षं तो आपल्याकडे उटीच्या चर्चमध्ये होता. पुढे पन्नाशी उलटल्यावर, डॉक्टर नको म्हणत असताना, आफ्रिकेत काँगोला गेला. १९१६ ला जो गेला तो परत इंग्लंडला आलाच नाही. बायको आजारी असूनही लंडनमधून त्याच संस्थेचं काम सांभाळत होती. १९१६ नंतर ती त्याला एकदाच भेटली, १९२८ ला, जेमतेम दोन आठवडे. पुढच्या वर्षी ती गेली. १९३१ ला तोही काँगोतच वारला. शेवटी शेवटी त्याच्याच संस्थेच्या समितीशी त्याचं टोकाचं बिनसलं होतं.

म्हणजे एकीकडे दहा दिवसांची ट्रिप, फोटो, परतीचं तिकीट. दुसरीकडे परतीचं तिकीटच फाडून टाकलेला माणूस, ज्याची किंमत घरच्यांनी पण मोजली. मला दोन्ही जड जातात. सातांतला माझा आवडता कोण म्हणाल तर कॅसल्स. त्याच्यावर कोणी वेब सिरीज काढणार नाही. तो सिचुआनमध्ये गेला आणि तिथेच राहिला. चाळीस वर्षं. १९२५ ला तिथेच वारला. काम बरोबर की चूक यावर वाद घालू शकतो, पण ‘हा उद्या दिसेल का’ हा प्रश्न तिथल्या लोकांना त्याच्याबद्दल पडला नसणार.

असो. ऑगस्टमध्ये त्या आर्किटेक्टने मला घरी जेवायला बोलावलं. मुलगी ग्वाटेमालाहून परत आली होती. तिने फोटो दाखवले. मी विचारलं, ‘मॅच जिंकलात का?’ ती हसली. म्हणाली, ‘पहिल्याच दिवशी तिथल्या मुलींनी आम्हाला हरवलं.’ मग जरा गप्प झाली. म्हणाली, निघायच्या दिवशी तिथल्या कोचबाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी तुम्हीच मुली येणार का? आणि माझं तर हे शेवटचं वर्ष. मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली, ते मला अजून टोचतंय.

मी तिचा फोटो बघत होतो. मध्ये पाहुणे, पुढे गुडघ्यावर बसलेली लहान पोरं, कोणाच्या तरी हातात व्हॉलीबॉल. मंडळी, हाच फोटो माझ्या जुन्या फेसबुकवर आहे. फक्त मागे ग्वाटेमाला नाही, सह्याद्री आहे.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षी आमचं एनएसएसचं सात दिवसांचं कॅम्प अकोले तालुक्यातल्या एका गावात होतं. आमची निम्मी व्हॉलीबॉल टीम एनएसएसमध्ये, कारण मार्क मिळायचे. सकाळी श्रमदान, संध्याकाळी गावातल्या पोरांशी मॅच. रात्री शेकोटीला व्यसनमुक्तीवर पथनाट्य. आमचं पण हाफ टाइमचं भाषण होतंच की! आणि मी हुशारी केली. कॉलेजच्या लॅबमधून भंगारात निघालेले चार कॉम्प्युटर मागून आणले, त्यांवर उबुंटू टाकलं, शाळेत लावून दिले. सरपंचांनी नारळ फोडला. सत्कार झाला. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूमध्ये मी ते प्रोजेक्ट म्हणून सांगितलं आणि पॅनलला आवडलं.

दोन महिन्यांनी शाळेतल्या गुरुजींचा मेसेज आला. ‘साहेब, एका मशीनची स्क्रीन काळी येते, पासवर्ड पण घेत नाही. कधी येणं होईल?’ मी लिहिलं, ‘बघतो सर.’ मग परत आला. मग फोन आला. माझी सेमिस्टर होती, मग ट्रेनिंग, मग रिलीज. मी तो नंबर म्यूट केला. ब्लॉक नाही केला, म्यूट केला, म्हणजे माझ्या मनाला वाटावं की मी तसा नाही. शेवटचा मेसेज दिवाळीचा होता, दिव्याचा फोटो आणि ‘आपणास व आपल्या परिवारास’. त्यात कॉम्प्युटरचा उल्लेखसुद्धा नव्हता.

दहा दिवसांत काय दिवे लावणार म्हणणारा मी! त्या मुलीला निदान टोचत तरी होतं.

भारतात परत आल्यावर मी गुरुजींना फोन केला. त्यांची बदली झाली होती. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. पण म्हणाले, ‘अरे वा साहेब, कसे आहात? तिथल्या मॅडमचा नंबर देतो.’ एका शनिवारी मी आणि आमच्या टीमचा सेटर, दोघं गाडी काढून गेलो. कॉम्प्युटर पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी, खताच्या रिकाम्या गोण्यांखाली झाकून ठेवलेले. फेकले नव्हते. दिवसभर बसून चारांचे दोन केले. एकाची रॅम दुसऱ्यात, उंदरांनी कुरतडलेल्या केबल बदलल्या. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहून ठेवला, शाळेचंच नाव.

निघताना मॅडमनी विचारलं, ‘परत कधी येणार?’

मंडळी, माझ्या तोंडावर ‘बघतो मॅडम’ आलंच होतं. गिळलं. तारीख सांगितली, पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार. तेव्हापासून पाच महिन्यांत चार वेळा गेलो. एकदा प्रोडक्शन इश्यू आला म्हणून चुकलं, पण आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. सातवीतल्या दोन मुली आता मशीन स्वतः फॉरमॅट करतात. त्या शिकल्या की माझी गरज राहणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. आईला मात्र मी हे आधी सांगितलं नव्हतं आणि दर महिन्याचा एक शनिवार घरातून गायब व्हायचो. त्यावरून बोलणी खाल्ली. स्टडची बायको आठवली आणि गपगुमान ऐकून घेतली. आता आई बरोबर डबा देते, त्यात शाळेतल्या मॅडमसाठी लोणचं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच. तुमच्यापैकी कोणी एनएसएसला जात असेल, कंपनीच्या सीएसआर डेला झाडं लावायला जात असेल, कोणी चर्चतर्फे, कोणी संघातर्फे, कोणी गणेश मंडळातर्फे पूरग्रस्तांकडे जात असेल, जरूर जा. फक्त निघताना समोरचं माणूस ‘परत कधी’ विचारेल, त्याचं खरं उत्तर आधी ठरवून जा. येणार नसाल तर ‘नाही येणार, पण या नंबरवर फोन केलात तर उचलेन’ असं सांगा. आणि मग उचला.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा म्यूट केलेला नंबर असेल, तर आज तो अनम्यूट करा. काय झालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये काही नक्की ऐकवेन, नाव न घेता.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या. आणि हो, या दुसऱ्या शनिवारी मला मीटिंगचं निमंत्रण पाठवू नका!